सोळाचा एमसीबी पडतो म्हणून बत्तीसचा बसवू का?

नाशिकहून एका गृहस्थांनी प्रश्न पाठवला आहे. दोन बेडरूमचा, पंधरा वर्षं जुना फ्लॅट. स्वयंपाकघर आणि त्याला लागून असलेलं बाथरूम मिळून १६ अँपिअरचा एकच एमसीबी, म्हणजे करंट जास्त झाला की आपोआप पडून वीज तोडणारा खटका. त्यावर १५ लिटरचा २००० वॅटचा गीझर, २००० वॅटची इंडक्शन शेगडी, ७०० वॅटचा राइस कुकर आणि फ्रिज. डिसेंबर लागला की सकाळी साडेसात-आठच्या सुमारास हा एमसीबी पडतो. उन्हाळ्यात महिनोन्‌महिने काही होत नाही. वायरमन म्हणाला, "एमसीबी कमजोर झालाय, बत्तीसचा टाकतो, परत कटकट नको." त्यांना तीन गोष्टी विचारायच्या आहेत. बत्तीसचा टाकावा का? कधी पडतो, कधी पडत नाही, असं का? आणि एमसीबी असताना शॉक बसू शकतो का, कारण गीझरच्या नळाला मध्यंतरी एकदा झिणझिण्या आल्या होत्या.

मी शेवटच्या प्रश्नापासून सुरू करतो, कारण तो थांबू शकत नाही. नळाला झिणझिण्या आल्या असतील तर गीझर आजपासून बंद ठेवा. नुसतं बटण बंद करून भागणार नाही, प्लग काढून ठेवा. पाणी गॅसवर तापवा. माणूस येऊन गीझरचं एलिमेंट आणि घराचं अर्थिंग तपासून जाईपर्यंत त्या नळाखाली कोणी आंघोळ करू नये. एमसीबी असताना शॉक बसू शकतो, जीवही जाऊ शकतो, आणि तो एमसीबी शांतपणे चालूच राहील. का, ते पुढे सांगतो.

आता बत्तीसचा. नको. वायरमनने तो आधीच बसवला असेल तर काढून घ्या.

गेली सत्तावीस वर्षं मी घरांची आणि छोट्या कारखान्यांची वायरिंगची कामं करतो आहे. या काळात मला सर्वांत जास्त वेळा समजावून सांगावी लागलेली गोष्ट म्हणजे एमसीबी नेमका कोणाचा राखणदार आहे. लोकांना वाटतं तो गीझरचा, फ्रिजचा, टीव्हीचा राखणदार आहे. काहींना वाटतं तो माणसाचा आहे. तो आहे भिंतीतल्या वायरचा. डीबीपासून, म्हणजे एमसीबी बसवलेल्या पेटीपासून, सॉकेटपर्यंत प्लास्टरखाली पाइपातून गेलेली तांब्याची तार आणि तिच्यावरचं पीव्हीसीचं आवरण, एवढंच त्याच्या ताब्यात दिलेलं असतं. ती तार जेवढा करंट सोसते, त्याच्या आत एमसीबीचा आकडा हवा. उपकरण किती वॅटचं आहे हा प्रश्न नंतरचा.

तुमच्या फ्लॅटच्या वयाकडे आणि १६च्या एमसीबीकडे पाहता आत २.५ चौरस मिलिमीटरची वायर असणार, जिला जुने कारागीर अजून 'सात-बावीस' म्हणतात, म्हणजे २२ गेजच्या सात तारा. खात्री मात्र डीबी उघडून, वायरवरचा छाप वाचूनच करायची. मी अशा घरांत २.५च्या जागी १.५चीही वायर पाहिली आहे. २.५ची तांब्याची वायर भिंतीतल्या पाइपात, आपल्याकडच्या ४० अंशांच्या हवेत, सोबत आणखी दोनचार वायरी असताना साधारण २० अँपिअरच्या आसपास सुखाने चालते. त्यापुढे तिचं पीव्हीसी ७० अंशांच्या वर जाऊ लागतं, आणि ७० अंश ही त्या पीव्हीसीची कायमच्या कामाची मर्यादा आहे.

आता तुमचं घर. गीझर २०००, इंडक्शन २०००, कुकर ७००, फ्रिज धरू १५०. बेरीज ४८५० वॅट. २३० व्होल्टने भागलं की २१ अँपिअर. म्हणजे १६च्या एमसीबीवर १.३ पट. तुम्ही म्हणाल, मग तो रोज, लगेच का पडत नाही? इथेच बहुतेकांची समजूत चुकते. सोळाचा एमसीबी सोळा अँपिअरला पडत नाही, आणि तसा तो पडावा अशी अपेक्षाही नाही. भारतात घरगुती एमसीबी आयएस/आयईसी ६०८९८-१ या मानकाप्रमाणे बनतात. त्यात दोन आकडे दिले आहेत. नेमून दिलेल्या अँपिअरच्या १.१३ पट करंट तासभर वाहिला तरी एमसीबी पडता कामा नये. १.४५ पट वाहिला तर तासाभराच्या आत पडलाच पाहिजे. सोळाच्या हिशेबात हे आकडे १८ आणि २३ अँपिअर होतात. या दोहोंच्या मधल्या पट्ट्यात तो पडेल किंवा पडणार नाही, मानकाची काहीच सक्ती नाही. तुमचे २१ अँपिअर नेमके त्या पट्ट्यात आहेत.

मधल्या पट्ट्यात निर्णय कोण घेतं? आतली बायमेटल पट्टी. दोन वेगवेगळ्या धातूंच्या पट्ट्या एकमेकींना चिकटवलेल्या असतात. तापल्यावर एक जास्त पसरते, दुसरी कमी, त्यामुळे जोडपट्टी एका बाजूला वाकते. सर्किटचा सगळा करंट हिच्यातूनच किंवा हिच्या अगदी जवळून नेलेला असतो. करंट वाढला की पट्टी तापते, वाकते, आणि पुरेशी वाकली की एक लहानसा खटका सोडवते. खटका सुटला की ताणून ठेवलेली स्प्रिंग कॉन्टॅक्ट उघडते. म्हणजे ही पट्टी करंट मोजत नाही. ती स्वतः किती तापली त्यावर ठरवते, आणि तिचं तापणं भिंतीतल्या वायरच्या तापण्यासारखंच वेळ घेतं. मला या यंत्रातली ही सर्वांत सुंदर गोष्ट वाटते. वायर तिथे आत तापत असते आणि पट्टी इथे डीबीत जवळजवळ त्याच चालीने तापत असते. दहा सेकंद मिक्सर लावला म्हणून वायर जळत नाही, तर पट्टीही पडत नाही.

पट्टी उष्णतेवर चालते म्हणून आजूबाजूचीही उष्णता तिला लागते. घरगुती एमसीबीचे आकडे ३० अंशांना धरलेले असतात. चंद्रपूर-अकोल्याच्या मे महिन्यात, पश्चिमेच्या भिंतीवरच्या बंद डीबीत, दहाबारा एमसीबी एकमेकांना चिकटून बसलेले असले तर आतलं तापमान ५० अंश सहज होतं, आणि तिथे सोळाचा एमसीबी चौदा-पंधराचा असल्यासारखा वागतो. विदर्भातून 'फक्त उन्हाळ्यात पडतो' अशी तक्रार आली की मी आधी डीबीची जागा विचारतो.

तुमचं मात्र उलट आहे, तुमचा हिवाळ्यात पडतो. त्याचं कारण गीझरमध्ये आहे. नाशिक-निफाडच्या थंडीत टाकीतलं पाणी सकाळी १५ अंशांच्या आसपास असेल. १५ लिटर पाणी तिथून ६० अंशांपर्यंत न्यायला २००० वॅटच्या एलिमेंटला साडेतेवीस मिनिटं लागतात. एकाची आंघोळ झाली की टाकीत परत गार पाणी भरतं, परत तेवढाच वेळ. घरात चार माणसं असली तर गीझरचा थर्मोस्टॅट तास-सव्वातास जवळजवळ बंदच करत नाही, आणि त्याच वेळी डबे भरण्यासाठी इंडक्शन आणि कुकर चालू असतात. पट्टीला वाकायला लागतो तेवढा सलग वेळ मिळतो आणि ती पडते. उन्हाळ्यात गीझर बंद, उरलेला भार २८५० वॅट, म्हणजे सव्वाबारा-साडेबारा अँपिअर. तो पडायचा प्रश्नच नाही. तुमचा एमसीबी कमजोर झालेला नाही. त्याला जे काम दिलं आहे ते तो चोख करतो आहे.

बत्तीसचा टाकल्यावर काय होईल? तेच दोन आकडे पुन्हा लावा. ३६ अँपिअरपर्यंत तो तासभर हलणार नाही. ४६ अँपिअरला पडेल, पण त्यालाही तासाची मुभा आहे. आज लगेच तुमच्या घरी आग लागेल असं मी म्हणत नाही. आज भार २१ अँपिअर आहे आणि वायर कशीबशी तो ओढते आहे. पण कटकट थांबली की घरात उपकरणं वाढतात, हे मी प्रत्येक घरात पाहिलं आहे. १२०० वॅटचा मायक्रोवेव्ह येतो, १५०० वॅटची किटली येते. बेरीज होते ७५५० वॅट, म्हणजे जवळपास ३३ अँपिअर. बत्तीसच्या एमसीबीला तो भार वाटतच नाही. वायरमधली उष्णता मात्र करंटच्या वर्गाच्या प्रमाणात वाढते: २१चे ३३ झाले की उष्णता जवळपास अडीचपट. ढोबळ हिशेबाने पीव्हीसी शंभर अंशांच्या वर गेलं. शिवाय भिंतीवरचं सॉकेट १६ अँपिअरचं आहे, त्याची पितळी पकड आणि स्क्रू १६साठीच बनले आहेत. त्यांनाही आता कोणी वाचवणारं नाही.

असं एक घर मी उघडलं आहे. स्वयंपाकघरातल्या ओट्यामागच्या टाइल्स कोमट लागतात म्हणून मला बोलावलं होतं. त्यांना वाटत होतं पाण्याचा गरम पाइप आतून गेला असेल. डीबीत सोळाच्या जागी बत्तीसचा एमसीबी, कोणीतरी दोनएक वर्षांपूर्वी बसवलेला. मी वायर ओढायला गेलो तर ती पाइपातून निघेना. पीव्हीसी मऊ होऊन पाइपाला आणि शेजारच्या वायरला चिकटलं होतं. जो तुकडा निघाला तो बोटाने वाकवला तर वरचं आवरण काडीसारखं तडकलं आणि आतलं तांबं दिसलं. त्या घरात दोन लहान मुलं होती. मी त्या दिवशी मेन बंद करून, किल्ली घरमालकाच्या हातात देऊन, दुसऱ्या दिवशी नवी वायर घेऊनच परत गेलो. तो तुकडा मी अजून माझ्या पेटीत ठेवला आहे. 'बत्तीसचा टाका की' असं कोणी म्हणालं तर बाहेर काढून दाखवतो.

आपल्याकडे ही सवय फ्यूजच्या काळापासूनची आहे. चिनीमातीचा किटकॅट फ्यूज उडाला की त्यात एकाऐवजी दोन पदरी तार बांधायची, तरी उडाला तर वायरचीच एक तार. गावाकडे डीपीवरच्या फ्यूजमध्ये जाड तार टाकलेली अजूनही दिसते. एमसीबी आला तेव्हा हा मोह संपेल असं आम्हाला वाटलं होतं, कारण यात तार बांधायची सोयच नाही. पण आकडा बदलता येतो, ही पळवाट राहिलीच.

आतापर्यंत सांगितला तो सावकाशीचा भाग. त्याच डबीत एक घाईचाही भाग असतो. जास्त भार आणि शॉर्टसर्किट ही दोन वेगळी दुखणी आहेत, त्यांना एकच औषध चालत नाही. १९२४ साली जर्मनीतल्या मानहाइम इथे ह्यूगो श्टोट्झ यांच्या नावाशी जोडलेलं जे पेटंट झालं, त्याचं मोल हेच की उष्णतेवर चालणारी आणि चुंबकावर चालणारी अशा दोन्ही युक्त्या एका लहानशा, परत परत वापरता येणाऱ्या डबीत बसल्या. शंभर वर्षं झाली, मूळ रचना तीच आहे.

समजा कुकरच्या वायरचं आवरण घासून फेज आणि न्यूट्रल एकमेकांना टेकले. २.५च्या वायरचा रोध, म्हणजे करंटला होणारा अडथळा, किलोमीटरला ७.४१ ओहम. डीबीपासून सॉकेट २० मीटरवर असेल तर जाऊन-येऊन ४० मीटर, म्हणजे ०.३ ओहम. मागच्या लायनीचा अर्धापाव, म्हणजे ०.१२५ ओहम धरला तरी करंट ५०० अँपिअरच्या घरात जातो. एवढ्या करंटला ती वायर पीव्हीसी वितळवण्याइतकी तापायला एक तृतीयांश सेकंद पुरतो. बायमेटलची वाट पाहत बसलो तर उशीर होईल. म्हणून करंटच्या वाटेवर जाड तारेची चारपाच वेढ्यांची कॉइल असते, आत एक लोखंडी दांडी. करंट ठरावीक पटीच्या वर गेला की कॉइलचं चुंबक दांडीला खेचतं, दांडी खटक्यावर आदळते, कॉन्टॅक्ट उघडतो. हे सगळं एका सेकंदाच्या शंभराव्या भागाच्या आसपास आटोपतं. शॉर्ट झाल्यावर जो 'टक्' असा खणखणीत आवाज येतो तो याच दांडीचा.

ही ठरावीक पट म्हणजेच एमसीबीवरचं अक्षर. 'सी १६'मधला सी. बी असेल तर ३ ते ५ पट, सी असेल तर ५ ते १० पट, डी असेल तर १० ते २० पट. मोटारी आणि कॉम्प्रेसर सुरू होताना क्षणभर पाचसहा पट करंट ओढतात, तेवढ्याने दांडी खेचली जाऊ नये म्हणून त्यांना सी लावतात. गीझरसारख्या नुसत्या तापणाऱ्या उपकरणाला बी पुरतो. घरात डी बसवू नका. वेल्डिंग मशीन किंवा मोठ्या ट्रान्सफॉर्मरसाठी तो असतो. घरच्या एसीवर डी बसवलेला मी पाहिला आहे, 'सी पडतो म्हणून'. तिथे खरा दोष कॉम्प्रेसरच्या कॅपॅसिटरमध्ये होता.

या अक्षराचं महत्त्व शहरातल्या फ्लॅटपेक्षा शेतात जास्त कळतं. घरापासून दीडशे मीटरवर विहीर, तिच्यावर एक एचपीची सिंगल फेज मोटार, २.५ची वायर आणि घरात सी १६. विहिरीपाशी शॉर्ट झालं तर जाऊन-येऊन ३०० मीटर वायरचा रोध सव्वादोन ओहम, करंट फार तर १०० अँपिअर. सी १६ला खात्रीने पडायला १६० लागतात. म्हणजे शॉर्ट झालेलं असूनही घाईचा भाग गप्प बसू शकतो आणि बायमेटल वाकेपर्यंत काही सेकंद तिथे ठिणग्या उडत राहतात, शेजारी उसाचं पाचट किंवा कडबा असतो. तिथे बी १६ लावला तर ८० अँपिअरच्या आत खात्रीने पडतो, आणि मोटारीचा सुरू होतानाचा ३५-४० अँपिअरचा झटकाही सहन करतो. मोटार अडकली, विहीर कोरडी पडली, व्होल्टेज उतरलं, तर मोटारीसाठी ओव्हरलोडपासून संरक्षण देणारा वेगळा स्टार्टर हवाच. ते एमसीबीचं काम नाही.

कॉन्टॅक्ट उघडले म्हणजे करंट थांबला असं मात्र होत नाही. उघडताना मधल्या हवेत आर्क, म्हणजे न तुटणारी सलग ठिणगी पेटते, हजारो अंशांची. ती विझवण्यासाठी आत लोखंडी पातळ पत्र्यांची एक जाळी असते. कॉन्टॅक्टजवळची आर्क चुंबकीय बलाने त्या जाळीत ढकलली जाते, तिचे अनेक तुकडे होतात, थंड होतात, विझतात. किती मोठ्या करंटची आर्क ही जाळी पचवू शकते ते एमसीबीवर चौकटीत लिहिलेलं असतं, ६००० किंवा १००००. ट्रान्सफॉर्मरला लागून घर असेल तर हा आकडा शोभेचा नाही. २०० केव्हीएच्या साध्या ट्रान्सफॉर्मरच्या टर्मिनलवर शॉर्ट झालं तर ६००० अँपिअरच्या आसपास जाऊ शकतात. चौकट नसलेला, आयएसआय नसलेला स्वस्त एमसीबी अशा वेळी फुटतो. मोठा शॉर्ट एकदोनदा तोडलेला एमसीबी वरून चांगला दिसला तरी मी बदलून टाकतो.

जाता जाता सोलरवाल्यांसाठी एक गोष्ट. घरच्या विजेचा, म्हणजे एसी करंट सेकंदाला शंभर वेळा शून्यावर येतो, त्याने आर्क विझायला मोठी मदत होते. पॅनेलमधून येणाऱ्या डीसीत, म्हणजे एकाच दिशेने वाहणाऱ्या करंटमध्ये, तो शून्यावर येतच नाही. २०२४च्या सूर्यघर योजनेनंतर छपरांवर पॅनेल वाढले आहेत, आणि काही ठिकाणी डीसी बाजूला साधा एसीचा एमसीबी बसवलेला मी काढून टाकला आहे. तिथे डीसीचाच हवा, आणि त्यावर प्लस-मायनस दिले असतील तर तसेच जोडायला हवेत, उलटे जोडले तर आर्क जाळीच्या विरुद्ध बाजूला ढकलली जाते.

आता झिणझिण्यांकडे. ओल्या अंगाच्या माणसाचा रोध दीडएक हजार ओहम धरा. २३० व्होल्टला करंट दीडशे मिलिअँपिअर, म्हणजे ०.१५ अँपिअर. हृदयाची लय बिघडवायला हा भरपूर आहे. सोळा अँपिअरच्या एमसीबीला तो दिसतही नाही, दोन हजार वॅटच्या गीझरशेजारी तो एक बारीकसा दिवा लागल्यासारखा आहे.

'पण अर्थिंग आहे ना?' असं लगेच विचारतात. असायलाच हवं, पण हिशेब करून पाहा. बिल्डिंगच्या अर्थपिटाचा रोध १० ओहम आहे असं धरू. मीठ-कोळसा घातलेला जुना खड्डा, उन्हाळ्यात वाळलेला, तर त्याहून जास्तही असतो. काळी जमीन भेगाळली की अर्थिंगची पट्टी आणि माती यांचा संबंधच सुटतो. गीझरच्या एलिमेंटची फेज पूर्णपणे टाकीला टेकली तरी करंट २३० भागिले १०, म्हणजे २३ अँपिअर. सोळाचा १.४५ पट किती? २३.२. म्हणजे फेज सरळ टाकीला लागलेली असूनही एमसीबीला पडण्याची सक्ती नाही, आणि पडला तरी कदाचित तासाने. तेवढा वेळ टाकीवर, नळावर आणि शॉवरवर वीज उभी. बत्तीसचा बसवला असता तर कधीच पडला नसता.

म्हणून माणसासाठी वेगळा राखणदार लागतो, ३० मिलिअँपिअरचा आरसीसीबी. तो फेजमधून गेलेला आणि न्यूट्रलमधून परत आलेला करंट यांची सतत तुलना करतो. फरक पडला, म्हणजे काही करंट माणसातून किंवा जमिनीतून वाट काढतो आहे, की ०.३ सेकंदाच्या आत तोडतो. त्यावर टेस्टचं बटण असतं, ते महिन्यातून एकदा दाबायचं. दाबल्यावर पडला नाही तर तो निकामी आहे. आरसीसीबीला जास्त भार आणि शॉर्ट कळत नाहीत, म्हणून तो एमसीबीच्या जोडीने लागतो. दोन्ही एकात हवे असतील तर आरसीबीओ मिळतो. जुन्या फ्लॅटमध्ये आरसीसीबी बसवल्यावर तो सारखा पडतो, तेव्हा कोणीतरी तो काढून टाकण्याचा सल्ला देतं. तो पडतो कारण दोन खोल्यांचे न्यूट्रल कुठेतरी एकत्र बांधलेले असतात किंवा खरोखर गळती असते. ती शोधायला अर्धा दिवस जातो, पण तो घालवावा.

आणखी दोन दुखणी एमसीबीला दिसत नाहीत. एक, ढिला स्क्रू. सॉकेटच्या किंवा एमसीबीच्याच टर्मिनलमध्ये वायर सैल असली की तिथे रोध वाढतो, ठिणगी उडते, प्लास्टिक काळवंडतं, पण करंट तर नेहमीएवढाच असतो, मग तो काय पडणार! घरातल्या जळलेल्या सॉकेटांपैकी बहुतेकांचं मूळ मला इथे सापडलं आहे. कधीकधी ही सैल टर्मिनलची उष्णता एमसीबीच्या आत शिरते आणि त्याची पट्टी वाकवते, तेव्हा तो भार कमी असूनही पडतो. तुमच्या वायरमनने बत्तीसचा सुचवण्याआधी पेचकस घेऊन सगळे स्क्रू आवळून पाहायला हवे होते. दुसरं दुखणं, थ्री फेज कनेक्शनचा न्यूट्रल तुटणं. तेव्हा सिंगल फेज उपकरणांवर २३०च्या जागी ४०० व्होल्टपर्यंत चढू शकतात. सोसायटीतले सगळे टीव्ही एकाच संध्याकाळी जातात ते यामुळे. तिथे व्होल्टेज पाहणारं वेगळं उपकरण लागतं.

तुमच्या घरी काय करायचं ते आता सांगतो. गीझरसाठी डीबीपासून वेगळी ४ चौरस मिलिमीटरची वायर टाकून घ्या, फेज, न्यूट्रल आणि अर्थ तिन्ही नवे, आणि तिच्यावर स्वतंत्र १६चा एमसीबी. दोन पोलचा घेतलात तर न्यूट्रलही तुटतो, बाथरूमसाठी तो चांगला. मग स्वयंपाकघरावर २८५० वॅट उरतात, तिथला सोळाचा आहे तसा राहू द्या. त्यातही इंडक्शनला पुढेमागे स्वतंत्र वायर देता आली तर मायक्रोवेव्हची जागा आपोआप होते. पाइपात नव्या वायरला जागा नसेल तर वरून केसिंग पट्टीतून नेली तरी चालेल, दिसायला थोडं वाईट दिसेल. डीबीच्या सुरुवातीला ३० मिलिअँपिअरचा आरसीसीबी बसवा. मेन स्विच आणि मीटरचा मंजूर भार या सगळ्याला पुरतो का, ते बिलावर पाहून घ्या. काम तारतंत्रीचा परवाना असलेल्या माणसाकडूनच करून घ्या, आणि त्याच्याकडून काम झाल्यावर अर्थिंगचा रोध मीटरने मोजून आकडा लिहून मागा. 'बल्ब लावून पाहिला, पेटला' हे अर्थिंगचं मोजमाप नव्हे.

हे सगळं होईपर्यंत दोनचार आठवडे जातील. तोवर गीझर तपासून निर्दोष ठरला तर तो सहा वाजता लावा, आंघोळी उरकल्या की बंद करा आणि मग इंडक्शन पेटवा. एवढं करूनही एमसीबी पडलाच तर खटका लगेच वर करू नका, पट्टी गार व्हायला दोन मिनिटं द्या. मग आधी पूर्ण खाली दाबायचा आणि नंतर वर. वर करताक्षणी 'टक्' करून पडला तर त्याच्याशी झगडू नका, बोटाने धरून ठेवलात तरी आतला कॉन्टॅक्ट उघडतोच, तशीच त्याची रचना आहे. त्या वेळी सगळे प्लग काढा, एकेक लावत जा, आणि ज्याने पडेल ते उपकरण बाजूला ठेवा. एकही प्लग नसताना पडला तर दोष भिंतीतल्या वायरमध्ये आहे, मग तो एमसीबी खालीच ठेवायचा आणि मला किंवा तुमच्या जवळच्या जाणत्या माणसाला बोलवायचं.